‘समजून द्या’ नव्हे, ठरवून द्या!

काम आटोपल्यावर ‘किती द्यायचे?’ असे विचारले असता ‘काय ते समजून द्या’ असे उत्तर देण्याची आपल्याकडे फार जुनी रीत आहे. वरवर पाहता या उत्तरात नम्रता आहे, जिव्हाळा आहे, पैशांविषयीची एक प्रकारची सभ्य उदासीनताही आहे. पण व्यवहारात याचा अर्थ काय होतो? देणारा आपल्या समजुतीप्रमाणे देतो, आणि ही समजूत बहुधा त्याच्या खिशाच्या सोयीची असते. घेणारा चार माणसांदेखत काही बोलत नाही. घरी जाऊन मात्र कुरकुरतो आणि पुढच्या खेपेस ‘सध्या वेळ नाही’ म्हणून टाळतो. देणाऱ्याला वाटते की माणूस माजला. घेणाऱ्याला वाटते की माणूस कृतघ्न निघाला. वास्तविक दोघेही तसे नसतात. दोष त्या न ठरवलेल्या आकड्याचा असतो.

हा प्रश्न आज नव्याने मांडण्याचे कारण असे की, नोकरी नसलेला परंतु अंगी काहीतरी हुन्नर असलेला सुशिक्षित तरुणांचा मोठा वर्ग गावोगाव स्वतःच्या बळावर उभा राहू पाहत आहे. छायाचित्रे काढणारा, हिशेब लिहून देणारा, भाषांतर करणारा, बागायतीचा सल्ला देणारा, संगणकावर पत्रिका व जाहिराती जुळवून देणारा, शिकवणी घेणारी, घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणारी, या साऱ्यांना इंग्रजीत ‘फ्रीलान्सर’ म्हणतात. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ या १८१९ सालच्या कादंबरीने हा शब्द रूढ केला. भाल्याच्या बळावर कोणाही सरदाराकडे चाकरी पत्करणारा मोकळा सैनिक, असा त्याचा मूळ अर्थ. आपल्याला त्यासाठी विलायतेत जाण्याचे कारण नाही. मराठ्यांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार घोडा आणि हत्यारे स्वतःची घेऊन येई. आजचा पगारदार हा बारगीर, आणि स्वतंत्र व्यावसायिक हा शिलेदार. शिलेदाराचा घोडा मेला तर तो त्याचा स्वतःचा मेला! म्हणून आपल्या पोटाबरोबर घोड्याच्या दाणावैरणीचाही हिशेब त्याला ठेवावा लागे. आजचे आमचे नवे शिलेदार नेमका हाच हिशेब विसरतात, अशी आमची तक्रार आहे.

उदाहरणासाठी आम्ही किनाऱ्यापासून फार दूर जात आहोत. सातपुड्याच्या पायथ्याशी, विदर्भाला लागून पांढुर्णा आणि सौंसर ही दोन मराठी गावे आहेत. पांढुर्णा नागपूर–इटारसी लोहमार्गावर, तर सौंसर नागपूरहून छिंदवाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर. घरात मराठी, कचेरीत हिंदी. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. छिंदवाडा जिल्ह्यातला हा मराठी भाग मध्य प्रदेशातच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्री आणि कापूस यांचा हा मुलूख. बाजार, इस्पितळ आणि सोयरीक यांसाठी तोंड नागपूरकडे. कागदपत्रांसाठी तोंड भोपाळकडे. सीमेवरच्या माणसाला दोन भाषा आणि दोन राज्यांच्या चालीरीती अवगत असतात. ही त्याची अडचणही आहे आणि त्याचे भांडवलही. जिल्हा नवा झाला की कचेऱ्या येतात, कचेऱ्यांबरोबर कामे येतात, आणि कामांबरोबर दोन प्रकारची माणसे येतात: एक व्यावसायिक, दुसरा दलाल. त्यांच्यातला फरक लोकांना कसा कळावा? आमचे उत्तर असे की, तो सेवेच्या बांधणीवरून कळतो.

सेवेची बांधणी म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या वाचकाला शब्दकोश उघडून सांगावे लागणार नाही. मासळीबाजारात बसलेली बाई आपल्या पुढ्यात वाटे लावते. एका वाट्यात चार बांगडे, दुसऱ्यात मूठभर सुंगटे, तिसऱ्यात मिश्र मासळी. गिऱ्हाइकाला दिसते की पैशांच्या बदल्यात काय मिळणार आहे. घासाघीस होते, नाही असे नाही; परंतु ती समोर मांडलेल्या वस्तूवर होते. आमचा पाडेली माडावर चढतो तो माडामागे ठरलेल्या दराने. दहा माड म्हणजे दहा माड, त्यात संशयाला जागा नाही. जत्रेच्या नाटकासाठी बाहेरून दिग्दर्शक किंवा स्त्री-कलावंत आणतात, तेव्हा तालमी किती आणि प्रयोगाची ‘नाईट’ किती हे गावकरी आधी बोलून घेतात. न बोलता आणले तर रंगपटात काय प्रसंग ओढवतो, हे ज्याने उत्सव-समितीवर एक वर्ष काढले आहे त्यास ठाऊक आहे. हल्ली ज्याला ‘पॅकेज’ म्हणतात ते हेच. अनेक लहान कामे एकत्र बांधून त्यांना एक नाव, एक मर्यादा, एक मुदत आणि एक किंमत देणे. आम्ही त्याला सेवासंच म्हणू.

ही कल्पना मराठी समाजाला नवीन नाही. किंबहुना आपला सारा जुना गावगाडा अशाच संचांवर चालत होता. सुताराने वर्षभर कुणब्याची औते नीट करून द्यायची, लोहाराने फाळ शेवटून द्यायचे, न्हाव्याने डोई करायची, परटाने धुणे धुवायचे आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन आपले बलुते घ्यायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात या पद्धतीचे जे तपशीलवार चित्र रेखाटले, ते आजही वाचण्यासारखे आहे. गोव्यातील गावकरीनेही देवळाच्या आणि गावाच्या सेवकांना जमिनी लावून दिल्या होत्या, त्यामागील तत्त्व हेच होते. या व्यवस्थेत एक शहाणपण खचितच होते. कुणब्याच्या हाती दाणा येईल तेव्हाच त्याने द्यावे. फाळ मोडला त्या दिवशी लोहाराने पैशांसाठी काम अडवू नये. देण्याचा काळ देणाऱ्याच्या मिळकतीशी जुळवलेला होता.

परंतु या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी तिचे विषही सांगितले पाहिजे. या संचाला तळ नव्हता. वर्षभर काम म्हणजे किती काम, याला उत्तर नव्हते. काम जन्माने गळ्यात पडे. ते नाकारण्याची मुभा नव्हती. मोबदला किती, हे खळ्यावर देणाराच्या हाताने ठरे. सर्वांत खालच्या पायरीवर ठेवलेल्या महारांना तर वतनाच्या नावाखाली दिवसरात्र राबावे लागे. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक आणले, ते या अमर्याद वेठीविरुद्ध होते. त्या मुंबई राज्यात अशी कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. ज्या सेवेला मर्यादा नाही, जिची किंमत घेणारा ठरवू शकत नाही आणि जी सोडता येत नाही, ती सेवा नव्हे, वेठ होय. ‘समजून द्या’ हे वाक्य त्या खळ्यावरूनच आपल्या तोंडी आले आहे. जो तरुण आज हे वाक्य उच्चारतो तो स्वतःच्या नकळत त्याच खळ्याच्या कडेला जाऊन उभा राहतो.

बलुत्यातील शहाणपण घ्यावे आणि वेठ टाकावी, हे कसे साधेल? पांढुर्णा-सौंसरकडील दोन कामे घेऊन पाहू.

पहिले काम संत्र्याच्या बागेचे. संत्र्याला आंबिया आणि मृग असे दोन मुख्य बहार. झाडाला पाण्याचा ताण कधी द्यावा, तो कधी तोडावा, फुलोऱ्यानंतर फळगळ का होते, बुंध्यावरचा डिंक्या आणि पानांवरची कोळशी कशी ओळखावी, बोर्डो मलम कधी लावावे, या साऱ्यांत जाणकार डोळा लागतो. कृषी पदवी घेतलेला एखादा तरुण गावी परततो. लोक त्याला बोलावतात, बाग दाखवतात, चहा पाजतात. सल्ला फुकट. उलट, औषधाच्या दुकानात जाऊन विचारले तर तिथेही सल्ला फुकटच मिळतो. मात्र हा दुसरा फुकट सल्ला बाटलीच्या किमतीत दडलेला असतो, हे शेतकऱ्याच्या ध्यानात येत नाही. जो औषध विकतो तो ‘यंदा फवारणीची गरज नाही’ असे क्वचितच म्हणेल. सल्ल्याची किंमत वेगळी आणि उघड असली तरच सल्ला निर्मळ राहतो.

या तरुणाने असे सांगावे: एका बहाराचा माझा संच चार भेटींचा. पहिली ताण देण्यापूर्वी, दुसरी फुलोऱ्यात, तिसरी फळगळीच्या काळात, चौथी तोडणीपूर्वी. प्रत्येक भेटीनंतर काय पाहिले आणि काय करावे, हे मराठीत एका कागदावर लिहून देईन. मधल्या काळात आठवड्यातून एकदा फोनवर बोलेन. औषधे, खते आणि मजुरी यात धरलेली नाही. पाचवी भेट हवी असेल तर तिचे वेगळे पैसे. आणि हमी भेटींची व सल्ल्याची आहे, फळांची नव्हे. कारण गारपीट कोणाच्या आज्ञेत नसते.

किंमत कशी काढायची? येथे शिलेदाराच्या घोड्याची आठवण ठेवावी. उदाहरणादाखल समजा, घरखर्चाला महिन्याला २४,००० रुपये लागतात आणि पेट्रोल, फोन, संगणकाची झीज यांना ६,००० रुपये. एकूण ३०,०००. पगारदारी बुद्धी महिन्याचे २५ दिवस धरून म्हणेल की रोजचे १,२०० रुपये पुरेत. परंतु पंचवीसही दिवस पैशांचे काम मिळते कुठे? गिऱ्हाईक शोधणे, उधारी वसूल करणे, नवे शिकणे, आजारपण यांत दहा दिवस जातात. उरलेल्या १५ दिवसांवर ३०,००० विभागले की रोजचे २,००० होतात. चार अर्ध्या दिवसांच्या भेटी म्हणजे दोन दिवस, लेखन आणि फोन यांचा एक. एकूण तीन दिवस, म्हणजे संचाची किंमत ६,००० रुपये. जवळजवळच्या तीन बागाईतदारांनी मिळून बोलावले तर जाण्यायेण्याचा वेळ वाटला जाईल आणि प्रत्येकाला स्वस्त पडेल. त्यासाठी वेगळा, लहान संच ठेवावा. आणि पैसे कधी घ्यायचे? येथे बलुत्याचे शहाणपण कामी येते. एक तृतीयांश ताण देताना, एक तृतीयांश फळ धरल्यावर, उरलेले बागेचा सौदा होऊन शेतकऱ्याच्या हाती पैसा येईल तेव्हा. मात्र आकडा आरंभीच ठरलेला हवा. खळ्यावर जाऊन हात पसरणे नको.

दुसरे काम कागदपत्रांचे, आणि ते अधिक नाजूक. सीमेवरच्या अनेक कुटुंबांची शेती, सोयरीक वा वारसा दोन्ही राज्यांत असतो. इकडे पटवारी, तिकडे तलाठी. इकडे खसरा आणि बी-१, तिकडे सातबारा आणि आठ-अ. इकडे ज्याला नामांतरण म्हणतात त्यालाच तिकडे फेरफार म्हणतात. आमच्या गोमंतकीय वाचकांनी एक-चौदाचा उतारा काढण्यासाठी घातलेल्या खेपा आठवल्या तर पांढुर्ण्याच्या विधवा म्हातारीला दोन राज्यांच्या कागदांत काय वाटत असेल, हे सांगावयास नको. अशा वेळी दोन्ही भाषा जाणणारा लेखनिक तिला आधार ठरू शकतो. पण तिच्या दारी आधी पोहोचतो तो दलाल. दलाल म्हणतो, ‘एवढे द्या, काम करून देतो.’ हाही एक संचच आहे! फरक एवढाच की त्याच्या गाठोड्यात काय आहे, ते सोडून पाहण्याची सोय नाही. सरकारी शुल्क किती, त्याची मजुरी किती, आणि ज्याचे नाव घेऊ नये असा तिसरा वाटा किती, सारे एकात एक मिसळलेले.

प्रामाणिक लेखनिकाने आपले गाठोडे म्हातारीसमोर उघडे ठेवावे. ‘कोणते कागद लागतील याची यादी मी करीन, दोन्ही राज्यांचे उतारे काढीन, हिंदी अर्ज लिहीन आणि त्यात काय लिहिले आहे ते तुम्हाला मराठीत वाचून दाखवीन, अर्ज दाखल करून पोच तुमच्या हाती देईन, दोनदा चौकशी करीन. याची माझी मजुरी इतकी. सरकारी शुल्क वेगळे, त्याची पावती तुमच्याकडे. निकाल देणे साहेबाच्या हाती आहे, माझ्या नाही. आणि पावतीवाचून एक पैसाही मी कोणाला देणार नाही.’ एवढे बोलणे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या की वाद उरत नाही. वकिलाचे काम जेथे सुरू होते तेथे थांबण्याचे भानही त्याने ठेवावे.

गंमत अशी की, या बाबतीत खुद्द सरकारनेच कित्ता घालून दिला आहे, आणि तोही प्रथम मध्य प्रदेशाने. त्या राज्याने २०१० साली लोकसेवा हमीचा कायदा करून कोणती सेवा किती दिवसांत मिळावी हे ठरवले, आणि विलंबाबद्दल अधिकाऱ्याला रोजचे २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड ठेवला. देशातला अशा प्रकारचा हा पहिला कायदा. पुढे गोव्याने २०१३ साली आणि महाराष्ट्राने २०१५ साली असे कायदे केले. अंमलबजावणी कशी होते, हा स्वतंत्र अग्रलेखाचा विषय आहे. परंतु सेवेचे नाव, मुदत आणि जबाबदार माणूस ही तिन्ही आधी जाहीर करावीत, हे तत्त्व राज्यसत्तेने मान्य केले. जे कचेरीला लागू ते कचेरीच्या दारात बसलेल्या लेखनिकाने स्वखुशीने का स्वीकारू नये?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, लहान गावात सारे ओळखीचे. काकांकडून, मास्तरांकडून पैसे कसे मागायचे? आमचे म्हणणे असे की, ओळखीच्या माणसासाठीच दर आधी सांगावा. परका फार तर एकदा दुखावेल. आप्त आयुष्यभर मनात ठेवील. आणि ज्याच्याकडून घ्यायचे नाही त्याच्याकडून मुळीच घेऊ नये, पण तसे सांगून घेऊ नये. दर माहीत असला की सवलतीला किंमत येते. दरच नसेल तर सवलत दिली हे कळणार कोणाला? गरिबासाठी एक लहान संच वेगळा ठेवणे, हा दानधर्माचा अधिक स्वाभिमानी मार्ग आहे. देणाऱ्याचाही मान राहतो, घेणाऱ्याचाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक गोष्टीचे दरपत्रक लावले की माणुसकी उरेल का? कला, विद्या, शुश्रूषा यांचे वाटे लावता येतात का? आम्ही कबूल करतो की सारे काही वाट्यात मावत नाही. रुग्णाच्या उशाशी बसलेली परिचारिका ठरल्या वेळेनंतर दहा मिनिटे थांबते, त्या दहा मिनिटांना दर नाही आणि नसावा. परंतु ती दहा मिनिटे तिने आपण होऊन दिली असे म्हणता यावे, यासाठी तिच्या आठ तासांची हद्द आधी आखलेली असावी लागते. हद्दच नसेल तर तिचे औदार्य कोणाला दिसत नाही; ते गृहीत धरले जाते. बाया-बापड्यांच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. शिकवणी, शिवणकाम, सणाचे पदार्थ, आजाऱ्याची देखभाल ही कामे घरातली म्हणून त्यांना मोलच नाही असे मानले गेले. ज्या दिवशी शिवणकाम करणारी बाई ‘माप, कापणी, शिलाई आणि एकदा दुरुस्ती एवढे यात, दुसऱ्यांदा उसवायचे असेल तर वेगळे’ असे सांगू लागते, त्या दिवशी तिच्या घरातही तिच्या शब्दाला वजन येते.

एक इशारा मात्र नव्या शिलेदारांना दिलाच पाहिजे. संच बांधणे म्हणजे गिऱ्हाइकाला न लागणाऱ्या वस्तू गळ्यात मारणे नव्हे. तीन संच ठेवून मधला घ्यावा म्हणून बाकीचे दोन मुद्दाम वाईट करायचे, लग्नाच्या छायाचित्रांत नको असलेल्या तसबिरी घुसडायच्या, लहान अक्षरांत अटी लपवायच्या, ही वाण्याची लबाडी झाली. वाट्याच्या तळाशी नासकी मासळी ठेवणारीकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा जात नाही. तसेच एकमेकांच्या दराखाली दर पाडण्याची चढाओढ करून सर्वांनी मिळून उपाशी मरण्यातही शहाणपणा नाही. पांढुर्ण्यासारख्या गावी एका धंद्यातील चारपाच जणांनी एकत्र बसून निदान एवढे ठरवावे की, काय करणार आणि काय करणार नाही, हे लिहून दिल्यावाचून कोणी काम घेणार नाही. दर ज्याचा त्याने ठरवावा.

आम्ही हे लिहीत आहोत ते केवळ सातपुड्यासाठी नव्हे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत आणि पलीकडे सावंतवाडी-मालवणापर्यंत असे किती शिलेदार आज स्वतःच्या घोड्याला उपाशी ठेवून दुसऱ्याच्या स्वाऱ्या करीत आहेत! त्यांच्या आईबापांना अजून वाटते की, मुलाला नोकरी नाही म्हणजे तो रिकामा आहे. त्यांनीही मुलाला एवढे विचारावे: तू काय करून देतोस, किती दिवसांत आणि किती पैशांत? याचे उत्तर त्याला एका दमात देता आले तर तो रिकामा नाही. त्याचा व्यवसाय उभा राहिला आहे.

आणि आपण, जे काम करवून घेतो, त्यांचेही कर्तव्य आहे. पुढच्या वेळी कोणी मान खाली घालून ‘समजून द्या’ म्हणाला, तर खिशात हात घालण्यापूर्वी त्याला बसवावे आणि म्हणावे, ‘बाबा, समजून देणे मला नको, तू ठरवून सांग.’